खाकी बदकाची जन्मकथा

स्मरणिकेसाठी काही जुने लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, आणि मला आठवली ती सासूबाईंची बदके.

१९७८ साली लग्न होऊन मी तारापूरला आले, तेव्हा परसात मातकट रंगाची सात माद्या नि एक नर असा संसार होता. सकाळी खुराड्यात डोकावावे, तर सहा-सात अंडी हमखास मिळत. नऊ वाजेपर्यंत सासूबाई त्यांना बाहेर सोडत नसत. बदक सकाळीच अंडे घालते. लवकर सोडले, तर ते अंडे भातखाचराच्या चिखलात जायचे! या अंड्यांच्या पैशातून माझ्या नणंदेची मॅट्रिकची फी भरली गेली होती. गावात मात्र ती 'मास्तरांची बदके'. सासरे शाळामास्तर, त्यांनी जन्मात कधी बदकांपुढे मूठभर कोंडा टाकला नाही.

जात 'खाकी कॅम्पबेल', हे मला पुष्कळ उशिरा कळले. कॅम्पबेल म्हणजे कोणी गोरा साहेब असेल, अशी माझी समजूत. भगिनींनो, ती बाई निघाली!

इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यातील यूली या खेड्यात अ‍ॅडेल कॅम्पबेल राहत. त्यांच्याकडे 'इंडियन रनर' जातीची एक मादी होती. तिने १९६ दिवसांत १८२ अंडी दिली. पण रनर अंगाने काटकुळी. म्हणून बाईंनी तिला 'रूआँ' या थोराड जातीचा नर दिला, पुढे रानबदकाचेही रक्त मिसळले, आणि १८९८ च्या सुमारास नवी जात लोकांपुढे आणली. मग फिकट पिवळसर रंगाचा ध्यास घेऊन त्यांनी पुन्हा रनरशी संकर केला. रंग उतरला तो मातकटच. तेव्हा बोअर युद्ध चालू होते आणि इंग्रज शिपाई त्याच रंगाच्या गणवेशात लढत होते. बाईंनी १९०१ साली नाव ठेवले 'खाकी'.

गंमत अशी, की 'इंडियन' म्हणवणारी रनर हिंदुस्थानची नव्हेच, ती जावा-लोंबोककडची. 'खाकी' शब्द मात्र आपल्या ओळखीचा. फारसीत खाक म्हणजे धूळ, आणि पलटणींना हा रंग प्रथम चढला तो पंजाबच्या सरहद्दीवर, १८४८ च्या सुमारास.

मुले हौसेने पाळतात ती पांढरीशुभ्र, नारिंगी चोचीची बदके 'पेकिन' जातीची. ती १८७३ साली चीनहून अमेरिकेत गेली. मांसाला ती उत्तम, पण अंड्यांत खाकीचा हात धरणार नाहीत. चांगली खाकी मादी वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील सरकारी केंद्रातही या जातीची पैदास झाली.

एक खोड मात्र आहे. ही मादी अंड्यांवर बसायचे मनावर घेत नाही. सासूबाई तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवत. कोंबडीची पिले एकविसाव्या दिवशी निघतात, बदकाची अठ्ठाविसाव्या. बिचारी आठवडाभर जास्त बसे. पुढे पिले डबक्यात उतरली, की काठावरून तिचा जो आकांत चाले, तो ऐकवत नसे.

एकदा गणती करायला माणूस आला. सासरे ओटीवर बसले होते.

"बदके किती?"

सासऱ्यांनी आत हाक मारली, "अगं, किती आहेत गं आपली?"

"आठ," सासूबाई चुलीपाशून म्हणाल्या, "आणि कोंबडीखाली अकरा अंडी."

त्याने आठ लिहिली, मास्तरांच्या नावावर.