एचआयव्ही : संसर्ग व प्रतिबंध

शरीराची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या एचआयव्ही या विषाणूचा एका व्यक्तीकडून दुसरीकडे होणारा प्रसार आणि तो रोखण्याचे उपाय. हा विषाणू मुख्यतः सीडी-४ या पांढऱ्या रक्तपेशींवर हल्ला करतो. उपचार न मिळाल्यास काही वर्षांनी एड्सची अवस्था येते. भारतात त्याचा पहिला शोध १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून लागला.

प्रसाराचे मार्ग मोजकेच आहेत. रक्त, वीर्य, योनी व गुदाशयातील स्राव आणि अंगावरचे दूध यांतूनच विषाणू पुरेशा प्रमाणात जातो. भारतात बहुतेक संसर्ग असुरक्षित लैंगिक संबंधांतून होतात. गुदसंभोगात धोका अधिक असतो, कारण तेथील अस्तर नाजूक असते. गरमी, परमा यांसारखे गुप्तरोग असतील तर तो आणखी वाढतो. म्हणून त्यांवर वेळीच उपचार घेणे हाही एचआयव्हीचा प्रतिबंधच होय. नशेसाठी एकच सुई अनेकांनी वापरणे अतिशय धोक्याचे असते. बाधित रक्त चढवल्यास लागण जवळजवळ अटळ. देशात रक्तपेढ्यांना प्रत्येक पिशवीची तपासणी सक्तीची आहे आणि पैसे घेऊन रक्त देण्यावर १९९८ पासून बंदी आहे.

हस्तांदोलन, आलिंगन, एका ताटात जेवणे, सामाईक शौचालय, खोकला यांतून हा विषाणू पसरत नाही. डासाच्या शरीरात तो वाढत नाही, त्यामुळे डास चावूनही लागण होत नाही. हे ठाऊक असूनही बाधितांची भांडी वेगळी ठेवली जातात. त्या वागण्याला वैद्यकीय आधार मुळीच नाही.

गरोदरपण, प्रसूती व स्तनपान या काळांत आईकडून बाळाला लागण होऊ शकते. काहीच उपाय न केल्यास हे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. आईला औषधे सुरू करून बाळालाही जन्मानंतर प्रतिबंधक औषध दिले, तर ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. त्यामुळे गरोदरपणातली पहिलीच तपासणी मोलाची ठरते. ती चुकवू नये.

प्रतिबंधाच्या विचाराला खरे वळण दिले ते एचपीटीएन ०५२ या चाचणीने. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांत ती झाली. त्यांत एक जोडीदार बाधित, दुसरा निरोगी होता. पुणे हेही तिचे एक केंद्र होते. बाधित जोडीदाराला लवकर औषधे दिल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये दिसले. पुढील अभ्यासांनी त्याहून मोठी गोष्ट पक्की केली: नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. औषध घेणारा माणूस स्वतःबरोबर जोडीदारालाही वाचवतो, ही बाब अजून पुरेशा घरांपर्यंत पोचलेली नाही.

कंडोमचा प्रत्येक वेळी योग्य वापर, निर्जंतुक सुया आणि धोका अधिक असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासून घ्यावयाच्या प्रतिबंधक गोळ्या हे इतर उपाय. बाधिताची सुई टोचली, कंडोम फाटला किंवा बलात्कार झाला, तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. जितक्या लवकर, तितके बरे. लागणीनंतर लगेच केलेली चाचणी निर्दोष येऊ शकते, म्हणून सांगितलेल्या तारखेला ती पुन्हा करावी.

भारतातील २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीविना चाचणी करता येत नाही. बाधितांशी नोकरी, शिक्षण वा उपचारांत भेदभाव करण्यासही मनाई आहे. सरकारी केंद्रांत चाचणी व विषाणू आटोक्यात ठेवणारी एआरटी औषधे मोफत मिळतात, तसेच १०९७ या राष्ट्रीय क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो.