दिव्यांचे दप्तर

अस्सल कागदाला बखरीहून वरचे स्थान देण्याची शिस्त राजवाड्यांनी मराठी इतिहासलेखनाला लावली. व्यवहाराचा कागद लिहिणाऱ्याला इतिहास लिहायचा नसतो, म्हणून त्याची साक्ष अधिक भरवशाची. या न्यायाने उपग्रहांनी टिपलेले रात्रीचे दिवे हे अव्वल साधन ठरावे. अमेरिकी लष्कराच्या हवामान-उपग्रहांना हवे होते ते रात्रीचे ढग. खालच्या गावांचा उजेड आपसूक टिपला गेला. या चित्रांचे अंकरूप दप्तर १९९२ पासूनचे आहे. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये त्यावरून आर्थिक वाढीचा अंदाज बांधण्याची रीत मांडली: उजेड दहा टक्क्यांनी वाढला, तर राष्ट्रीय उत्पन्न ढोबळमानाने तीन टक्क्यांनी वाढले असावे. सरकारी आकडे जिथे तोकडे किंवा रंगवलेले असतात, तिथे ही रीत मोलाची आहे.

पण देशाला लावलेले माप जिल्ह्याला लावले की गाठी दिसू लागतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. त्यानंतर जी गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांत रुंद रस्ते आले, घरे ऐसपैस अंतरावर आली. दाटीवाटीच्या जुन्या गावठाणापेक्षा अशा वसाहतीचा उजेड अधिक जागा व्यापणार, हे उघड आहे. ती भरभराट समजायची काय? नांदेडात २००८ च्या गुरुता गद्दी त्रिशताब्दीनिमित्त रस्ते, पूल, दिवे झाले. तो उजेड प्रामुख्याने सरकारी खर्चाचा. उलट, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा नळ कोरडे असले तरी दिवे लागतच होते. कोरडवाहू सोयाबीन आणि तूर जळून गेली, तरी आकाशातून पाहणाऱ्याला शिवार आधीही काळे आणि नंतरही काळेच.

सर्वांत बोलकी गोष्ट शेतीपंपांची. २०११ मध्ये सोडलेला नव्या पिढीचा उपग्रह मध्यरात्र उलटल्यावर, दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो. मराठवाड्यात हीच कित्येक वर्षे पाणी देण्याची वेळ. शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी बॅटरी घेऊन, विंचू-सापाचे भय पत्करून बांधावर उभा. तारांतून भरपूर वीज वाहते, विहिरीचे पाणी उसाला पोचते, उत्पन्न प्रत्यक्ष घडत असते. पण मोटर प्रकाशत नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली. ती यशस्वी झाली तरी रात्रीच्या चित्रात काही बदलणार नाही.

एलईडीने आणखी एक गुंता केला आहे. सोडियमचे पिवळे दिवे जाऊन हे पांढरे दिवे आले; पण त्यांच्या प्रकाशातला निळा भाग नव्या उपग्रहाच्या संवेदकाला जवळजवळ दिसतच नाही. रस्ता खाली उजळतो आणि दप्तरात तोच मंद झाल्याची नोंद होऊ शकते. कागद अस्सलच आहे. लेखनिकाची नजर तेवढी अधू आहे, आणि ती कोणत्या बाजूने अधू हे लातूरच्या शिवारातून जितके कळते तितके मुंबईतून कळणार नाही.