नळीनें दिलेला घास

१७९० सालीं लंडन शहरांत एका रोग्याच्या गळ्याचे स्नायू लुळे पडले. पचनशक्ति शाबूत होती, पण घोटभर दूधही घशाखालीं उतरेना. अशा रोग्यापुढें त्या काळचे वैद्य बहुधा हात टेकीत. जॉन हंटर या शस्त्रवैद्यानें मात्र निराळा विचार केला. अन्नाची वाट कांहीं बुजलेली नाहीं. तें पुढें ढकलणारे स्नायू तेवढे थकले आहेत. मग अन्न आपणच जठरापर्यंत कां पोंचवूं नये? त्यानें देवमाशाच्या जबड्यांतील लवचिक पट्टीची सळई घेतली, तिच्यावर ईल माशाचें कातडें चढविलें आणि कातड्याच्या तोंडाशीं जनावराच्या मूत्राशयाची पिशवी बांधली. पिशवी दाबली कीं अंडीं, दूध, साखर यांचें पातळ मिश्रण पोटांत उतरे. औषधेंही त्याच वाटेनें जात. पुढें तो रोगी आपल्या आपण गिळूं लागला. ही हकीकत १७९३ सालीं छापून आली. नळी रोग बरा करीत नाहीं; शरीर स्वतःस सावरीपर्यंत ती त्याला उपाशी पडूं देत नाहीं, हेंच या उपायाचें मर्म होय.

१९२१ सालीं न्यू ऑर्लीन्स येथील डॉक्टर अब्राहम लेव्हिन यांनीं नाकावाटे जठरांत जाणारी बारीक रबरी नळी प्रचारांत आणली. परंतु अन्ननलिकेच्या शेजारींच श्वासनलिका आहे. नळी चुकून तिकडे वळली तर तेंच दूध प्राणघातक ठरतें. म्हणूनच नळी जागेवर आहे अशी खात्री झाल्यावांचून तींतून कांहींही देऊं नये, असा नियम आहे.

हा धोका हिंदुस्थाननें १९२९ सालीं पाहिला. राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी म्हणून लाहोरच्या तुरुंगांत जतींद्रनाथ दास यांनीं १३ जुलै रोजीं अन्नत्याग आरंभिला. त्यांना बळानें नळी घालण्यांत आली. दूध फुप्फुसांत गेलें. १३ सप्टेंबर रोजीं, उपोषणाच्या ६३ व्या दिवशीं, त्यांनीं देह ठेवला. जीव जगविण्याचें साधन इच्छेविरुद्ध वापरलें, म्हणजे तें शस्त्र होतें.

१९७९ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें गॉडरर व पॉन्स्की या डॉक्टरांनीं एका तान्ह्या बालकावर नवी युक्ति योजिली. तोंडावाटे दिव्याची दुर्बीण जठरांत उतरवावयाची, तिचा उजेड पोटाच्या कातडीतून जेथें दिसेल तेथें लहानसें छिद्र पाडावयाचें, आणि त्यांतून नळी थेट जठरांत बसवावयाची. मोठी चीरफाड टळली आणि नाकांतील नळीचा जाचही गेला. गिळतां न येणारे कितीतरी रोगी आज अशा नळीच्या आधारें घरीं आपल्या माणसांत राहतात.

तरी नळी सर्वत्र हितकर नसते. अतिवार्धक्यांत स्मृतिभ्रंश पराकोटीस गेला असतां नळीनें आयुष्य वाढतें असें दिसत नाहीं. अशा वेळीं जवळ बसून, दमादमानें, हातानें भरविणें बरें, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. हंटरच्या कातडी नळीपासून आजवर साधनें पुष्कळ सुधारलीं. पण हा घास कोणासाठीं, किती दिवस आणि कोणाच्या इच्छेनें, हे प्रश्न नळी घालण्यापूर्वींच विचारावे लागतात.