शाळकरी मुलांच्या डोक्यांतील उवा : दोन नोंदींचा विचार

ऊ हा क्षुद्र जीव इतिहासाचा विषय होऊं शकेल काय, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु एकाच गोष्टीच्या दोन नोंदी परस्परांशीं जुळत नसतां कोणती ग्राह्य मानावी, हा आपला नित्याचाच प्रश्न आहे. त्याचें एक बोधप्रद उदाहरण इंग्लंडांतील ह्या प्रकरणांत आम्हांस आढळलें.

इंग्लंडांत १९०७ च्या कायद्यान्वयें शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी ठरली. परिचारिका शाळेंत येऊन डोकीं पाहत व उवा आढळलेल्या मुलांची नोंद करीत. हें प्रमाण वर्षानुवर्षें उतरत गेल्याचें शाळाखात्याचे अहवाल सांगतात. पुढें १९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध सुरू होतांच सुमारें १५ लक्ष माणसें, त्यांत मुख्यतः मुलें व माता, शहरांतून सुरक्षित भागीं हलविण्यांत आलीं. ज्यांच्या घरीं हीं मुलें उतरलीं, त्यांनीं उवांविषयीं मोठी ओरड केली. उन्हाळ्याच्या सुटींत तपासणी झाली नव्हती, असा खुलासा पुढें आला. कित्येकांनीं तर सारा दोष गरीब मातांच्या माथीं मारला.

तेव्हां केनेथ मेलनबी ह्या कीटकशास्त्रज्ञांनीं सांथीच्या रोगांच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. औद्योगिक शहरांतील सुमारें निम्म्या मुलींच्या डोक्यांत उवा होत्या. मुलग्यांत हें प्रमाण वाढत्या वयाबरोबर घटे. खेड्यांत तें पुष्कळच कमी होतें. शाळेच्या आंकड्यांहून हे आंकडे कितीतरी अधिक होते. अर्थात् उपद्रव सुटीपुरता नसून कायमचाच होता.

आमच्या मतें ह्या भेदाचें कारण नोंदींच्या स्वरूपांतच आहे. शाळेंतील तपासणी घाईची. शिवाय तिचा निकाल म्हणजे खात्याच्या कामाचें प्रमाणपत्रच. उलट ताप सांगून येत नाहीं. रुग्णालयांत येणाऱ्या मुलाचें डोकें आधीं विंचरून ठेवण्यास कोणास सवड नसे. तेथील नोंद कोणाची बाजू मांडण्यासाठीं केलेली नव्हती, म्हणूनच ती अधिक विश्वसनीय होय.

मातांवरील आरोपही टिकत नाहीं. ऊ उडत नाहीं, कीं उडी मारीत नाहीं. केसास केस लागला म्हणजे ती एका डोक्यावरून दुसऱ्यावर जाते. स्वच्छ केस तिला वर्ज्य नाहींत. तेव्हां दाटीचें घर, एका बिछान्यांत निजणारीं भावंडें आणि डोक्यास डोकें लावून खेळणाऱ्या मुली, हींच कारणें मुख्य मानलीं पाहिजेत. एकट्या मुलाचें डोकें साफ करून घरांतील इतरांचीं तशींच ठेवलीं, तर उवा पुन्हा होतात.

आपल्याकडील जुन्या शाळांचीं व दवाखान्यांचीं दप्तरें ज्या संग्राहकांपाशीं असतील, त्यांनीं तीं एकमेकांशीं ताडून पाहावीं, आणि रद्दी समजून त्यांतील एकही बाड टाकून देऊं नये, अशी आमची विनंती आहे.