पोतोसीची चांदी, उयूनीचे मीठ

मोगलकाळात हजचे यात्रेकरू ज्या सुरत बंदरातून जहाजावर चढत, तेथल्याच टांकसाळीत परदेशी चांदी वितळवून रुपये पाडले जात. ती चांदी कोठली, हा प्रश्न आम्ही सहसा विचारत नाही. तिच्यातली काही थेट दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या डोंगरातली होती. आज हा मुलूख बोलिव्हियात आहे.

1545 मध्ये स्पॅनिशांना तेथे चांदी सापडली. 1570 नंतर व्हाइसरॉय तोलेदो याने 'मिता' नावाची वेठबिगार बसवली. दूरदूरच्या खेड्यांतल्या मूळनिवासी पुरुषांना पाळीपाळीने खाणीत उतरावे लागे. दौलत समुद्रापार गेली, पोतोसीच्या वाट्याला पोखरलेला डोंगर आला. मग कथिलाचे दिवस आले. 1952 च्या क्रांतीने मोठ्या खाणी सरकारजमा केल्या, पण खनिज गाळायला कितीतरी वर्षे परदेशीच जात राहिले.

त्याच पोतोसी प्रांतात उयूनीचे मिठाचे मैदान आहे : दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठे, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,650 मीटर उंच. त्याच्या पोटातल्या खाऱ्या पाण्यात लिथियम आहे. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजाने सबंध बोलिव्हियात ते सुमारे 2.3 कोटी टन असावे. 2006 साली सत्तेवर आलेल्या एवो मोरालेस यांनी ठरवले, की या वेळी कच्चा माल विकायचा नाही. बॅटरीसुद्धा देशातच बनवायची. इतिहास ठाऊक असलेल्या कोणाला हा हट्ट गैर वाटेल?

पण हट्टाने रसायन बदलत नाही. उरणकडची मिठागरे पाहिलेल्यांना रीत लगेच समजेल : पाणी उथळ तळ्यांत सोडायचे, उन्हाने आटवायचे. उयूनीत मात्र पावसाळ्यात मैदानावर पाणी साचते आणि लिथियमबरोबर मॅग्नेशियम फार मोठ्या प्रमाणात येते. ते वेगळे काढणे हेच खरे दुखणे. शेजारच्या चिलीतल्या आताकामाच्या वाळवंटात हा त्रास पुष्कळ कमी. शिवाय 1879 च्या युद्धात किनारा चिलीकडे गेल्याने बोलिव्हियाला स्वतःचे बंदर नाही. बॅटरीला इतर धातू लागतात, जाणते इंजिनीअर लागतात, घाऊक गिऱ्हाईक लागते. चिनी यंत्रसामग्रीने ला पाल्का येथे छोटा बॅटरी कारखाना उभा राहिला; तो नमुन्यापुरताच.

2018 मध्ये एका जर्मन कंपनीशी भागीदारी झाली. पोतोसीचे लोक रस्त्यावर उतरले : प्रांताच्या पदरात रॉयल्टी किती? नोव्हेंबर 2019 मध्ये करार रद्द झाला आणि काही दिवसांतच, निवडणुकीच्या वादातून, मोरालेसही गेले. आम्हांला या लोकांना अडाणी म्हणवत नाही. मात्र त्यांच्या संशयाला जितका आधार होता, तितका पर्याय त्यांच्यापाशी नव्हता, हेही खरे. त्याच वर्षी मार्चमध्ये आपले राष्ट्रपती रामनाथ कोविंद तेथे जाऊन लिथियमबाबत सामंजस्य करार करून आले होते.

डिसेंबर 2023 मध्ये वर्षाला 15,000 टन लिथियम कार्बोनेटची क्षमता असलेला सरकारी कारखाना सुरू झाला. प्रत्यक्षात माल फारच थोडा निघाला. पुढे रशियन व चिनी कंपन्यांशी करार झाले. 2025 मध्ये त्यांवरून संसदेत हातघाईपर्यंत प्रसंग गेला. पोतोसीवाल्यांचा सवाल तोच होता : आमच्या वाट्याला किती?