कार्यानुभवाचं आजोळ

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत कार्यानुभवाचा तास असतोच. कागदी फुलं, मेणबत्त्या, शाळेमागच्या वाफ्यातली मेथी, गावातून निघणारी स्वच्छतेची फेरी, सगळं त्या एका तासात बसवलेलं. गणित मागे पडलं की सर सगळ्यात आधी हाच तास मागून घेतात. आज असा कोपऱ्यात उभा असलेला हा तास एकेकाळी शाळेचा कणा म्हणून जन्माला आला होता, आणि त्याचं आजोळ आपल्या वर्ध्यात आहे.

1937 साली बऱ्याच प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि एक पेच उभा राहिला. दारूबंदी तर करायची होती, पण शाळांचा खर्च भागत होता तो दारूवरच्या महसुलातून. मुलांनी शिकावं म्हणून बापांनी प्यावं, हे गांधीजींना सहन होणं शक्यच नव्हतं. 22 आणि 23 ऑक्टोबरला वर्ध्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने. त्या उद्योगातूनच हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा, अशी ही योजना होती. तपशील ठरवायला डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. विनोबा आणि काकासाहेब कालेलकरही तिच्यात होते.

समितीचं वेळापत्रक आज वाचताना थबकायला होतं. शाळा साडेपाच तासांची. त्यातले 3 तास 20 मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे त्या हस्तोद्योगाला, मातृभाषेला 40 मिनिटं, समाजशास्त्र आणि विज्ञान मिळून 30 मिनिटं. कमाईवर भर पडला तर शिक्षक मुलांना नुसतं राबवून घेतील, हा धोकाही समितीने अहवालात स्वतःच नोंदवला. योजनेचे टीकाकार पुढे हेच बोलत राहिले, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं.

पण कागदावरची योजना आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची शाळा यांत फरक होता. 1938 साली तिथे हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला. तो चालवला मूळचे सिलोनचे ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी. दोघंही शांतिनिकेतनातून आलेली. इथे टकळीवर सूत काढता काढता गणित यायचं. चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. मग गुंडीत किती फूट सूत, हे मुलाला हातातल्या कामापुरतं सोडवावंच लागे.

तरी माझ्या मते सेवाग्रामचं खरं शिक्षण चरख्यापेक्षा सफाईत होतं. झाडू मारणं, पाणी भरणं, स्वयंपाक हे तर आळीपाळीने असेच, पण संडासाचं कामही मुलं आणि शिक्षक मिळून करत. चर खणायचा, वापर झाला की मैल्यावर माती लोटायची, पुढे पालापाचोळा आणि शेणाच्या थरांत तो कुजवून सोनखत करायचं आणि शेतात घालायचं. ज्या देशात हे काम जन्मावरून एका समाजाच्या माथी मारलेलं होतं, तिथे सगळ्या जातींच्या मुलांनी ते शिकण्याचा भाग म्हणून करणं ही लहान गोष्ट नव्हती. अमुक काम कुणाचं, हा प्रश्न मुलांसाठी तिथेच निकालात निघत होता. समाजसेवेचा निराळा धडा द्यायची गरजच उरत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर शाळेची ही पद्धत पसरली आणि पातळही झाली. नोकरीचा रस्ता नेहमीच्या हायस्कुलातून जात होता. टकळी गरिबांच्या पोरांसाठी आणि पुस्तकं बाकीच्यांसाठी, असं पालकांना वाटू लागलं. त्यांना दोष कसा देणार?

1964 ते 66 या काळात कोठारी शिक्षण आयोगाने ही कल्पना नव्याने उचलली. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात होता, त्यामुळे खेड्यातलं शिक्षण त्यांना जवळून ठाऊक होतं. आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा या दोन्ही गोष्टी शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर हव्यात असं सांगितलं. हे पाऊल महत्त्वाचं होतं, पण माझ्या दृष्टीने नुकसानही इथेच झालं. सेवाग्रामला जे एकच काम होतं, त्याची दोन नावं झाली, पुढे दोन तास झाले.

महाविद्यालयांसाठी 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना निघाली. सुरुवात 37 विद्यापीठांत. शाळांसाठी 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचवलं. ते नाव बोजड खरं, पण मुलांनी केलेल्या कामाचा गावाला उपयोग व्हावा, ही अट त्यात पुन्हा आली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परत ‘कार्यानुभव’ म्हटलं आणि ती अट नावातून गेली. आपल्या शाळांत कामापेक्षा प्रदर्शनात मांडायच्या वस्तू वाढल्या, आणि त्या मुलांपेक्षा आयांनीच रात्री जागून केलेल्या असतात.

2020 च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन काम शिकायचं आहे. सेवाग्रामला 2005 पासून आनंद निकेतन ही शाळा चालते. तिथल्या मुलांना मात्र शेती, स्वयंपाक आणि सफाईसाठी अशा खास दिवसांची वाट पाहावी लागत नाही.