बोटाचा ठसा आणि माणसाची संमती

विद्यापीठातील संगणक-संशोधनाला नीतिसमितीची तपासणी हवी की नको, हा प्रश्न खानदेशात नवखा वाटेल. पण माणसाचे शरीर मोजायचे, त्याची नोंद करायची आणि त्या नोंदीवरून त्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, हा व्यवहार या देशात शंभर वर्षांहून जुना आहे. मोजणारा कोण आणि मोजला जाणारा कोण, हेही आपल्याला ठाऊक आहे.

१९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यासाठी गुन्हा घडावा लागत नव्हता. जन्म पुरेसा होता. पारधी, कंजारभाट यांसारख्या जमातींनी हे भोगले. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, संशय गेला नाही. त्याच राजवटीत रिस्लेसारख्यांनी नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड शास्त्रीय ठरविण्याचा खटाटोप केला. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये घुर्ये यांनी दिलेले नाकांचे आकडेच तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशाचे नाहीत, हे दाखविले. ज्यांना मोजले, त्यांच्यातलाच एक माणूस आकड्यांना जाब विचारू लागला. नीतितपासणीचा आपल्याकडचा खरा आरंभ मी येथे मानतो.

पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेला हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता. दहा बोटे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा यांची नोंद झाली. तिच्यासाठीचा कायदा २०१६ मध्ये आला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ मध्ये. आधी ठसा, मग कायदा, शेवटी हक्क! संशोधनात तरी हा क्रम उलटा नको काय?

जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे. चेहरा ओळखणारे किंवा अहिराणी समजणारे यंत्र घडवायचे, तर हजारो चेहरे आणि आवाज लागतात. ते सहज मिळतात वसतिगृहात, आश्रमशाळेत, आठवडे बाजारात. नाही म्हणण्याची ज्यांना सवयच लागू दिली नाही, त्यांच्याकडे. वैद्यकीय संशोधनाला नीतिसमिती लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांप्रमाणे तिच्यात सामान्य नागरिकही असतो. संगणक-संशोधनावर असे सरसकट बंधन नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही संशोधनाला अटींसह सूट आहे.

नुसती समिती असूनही भागत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्स प्रणालीच्या तपासनिसांना न विचारता मुद्दाम सदोष दुरुस्त्या पाठविल्या. तेथील समितीने ठरविले की, हे माणसांवरचे संशोधन नव्हेच! २०२१ मध्ये बोभाटा झाल्यावर शोधनिबंध मागे घ्यावा लागला. यंत्रामागचा माणूस समितीला दिसलाच नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. समिती हवी आणि तिच्यात मोजला जाणारा माणूस बसलेला हवा. संमती अहिराणीत, भिलीत, समजेल अशी विचारली जावी. आणि नकार दिल्याने कुणाची शिष्यवृत्ती, गुण वा रेशन अडता कामा नये. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी हा प्रश्न आपापल्या विभागात पहिल्याच प्रकल्पाच्या वेळी विचारावा.